नेत्रशल्यविशारदांची निवृत्ती : एक मागोवा

सरकारी सेवेतील निवृत्तीची तारीख रुजू होण्याच्या दिवशीच सेवापुस्तकावरून कळते. नेत्रशल्यविशारदाच्या बाबतीत मात्र खरा निर्णय त्याचा हात आणि त्याचे स्वतःचे डोळे घेतात. जन्मभर इतरांचे मोतीबिंदू काढणाऱ्याच्या नेत्रांतही उतारवयात मोतीबिंदू उतरतोच. म्हणून ही मंडळी सहसा टप्प्याटप्प्याने दूर होतात. प्रथम शस्त्रक्रिया कमी होतात, मग केवळ तपासणी उरते आणि अखेरीस शिष्यांना मार्गदर्शन.

गेल्या पिढीतील नेत्रवैद्यांना तर भर सेवाकाळात पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. त्यांच्या उमेदवारीत मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबण्याचा सल्ला दिला जाई. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण निश्चल पडून राही आणि पुढे जन्मभर जाड भिंगांचा चष्मा! कणकवलीच्या बाजारपेठेतही असे चष्मे एकेकाळी सर्रास दिसत. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ सालीच कृत्रिम भिंग बसविले होते. परंतु आपल्या सामान्य रुग्णापर्यंत ते पोहोचण्यास चार दशके लागली.

ते पोहोचविण्यात एका निवृत्त डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी १९७६ मध्ये शासकीय सेवेतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय त्यांनी सुरू केले. संधिवाताने त्यांची बोटे तारुण्यातच वाकडी झाली होती. त्याच बोटांनी त्यांनी शस्त्र धरण्याचा अभ्यास केला होता. ऐपतदारांच्या शुल्कातून गरिबांवर मोफत उपचार, हा त्यांचा हिशेब कोणाही व्यापाऱ्याने अभ्यासावा असा आहे. १९९२ पासून तेथेच कृत्रिम भिंगे तयार होऊ लागली व त्यांची किंमत कितीतरी उतरली. भगिनी डॉ. नाचियार आणि इतर आप्तांना त्यांनी हाताशी धरून तयार केले. त्यामुळे २००६ मध्ये त्यांचे निधन झाले तरी काम थांबले नाही.

महाराष्ट्रात डॉ. तात्याराव लहाने यांची निवृत्ती इतकी शांत झाली नाही. लातूर जिल्ह्यातील माकेगावात १९५७ साली जन्मलेल्या या शल्यविशारदास १९९५ मध्ये मातोश्रींनी मूत्रपिंड दिले. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांच्या हातून लाखाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. २००८ मध्ये ते पद्मश्री झाले. २०२१ मध्ये वैद्यकीय शिक्षण संचालकपदावरून निवृत्त झाल्यावरही जे. जे.मधील त्यांचे काम सुरूच होते. शस्त्रक्रियेचा पुरेसा सराव मिळत नाही, अशी तक्रार २०२३ मध्ये निवासी डॉक्टरांनी केली. डॉ. लहाने यांनी ती नाकारली व सहकाऱ्यांसह राजीनामा दिला. दोन्ही बाजूंचे म्हणणे बाजूस ठेवले, तरी सिद्धहस्त ज्येष्ठाने शस्त्र शिष्याच्या हाती नेमके केव्हा द्यावे, हा पेच खराच आहे. टेबलावरील रुग्णाला सराईत हात हवा असतो, उद्याच्या रुग्णाला आज शिकलेला.

त्यानंतर डॉ. लहाने यांनी डॉ. रागिणी पारेख यांच्यासह मुंबईतच रघुनाथ नेत्रालय सुरू केले.