गुऱ्हाळापासून कारखान्यापर्यंत

‘मूल्यवर्धन’ हा शब्द आता शेतीवरच्या प्रत्येक परिसंवादात ऐकू येतो. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांच्या वडिलांनी, तो कधी ऐकला नसावा. काम मात्र त्यांनी तेच केले. ते गुळव्या होते. प्रवरेच्या पाटावर हंगामभर या गावाहून त्या गावी गुऱ्हाळावर जायचे. चुलाणात चिपाडे, वर काहिलीत उकळता रस, त्यात भेंडीचे पाणी टाकून मळी काढायची. आणि पाक तयार झाला की नाही हे थेंब पाण्यात सोडून, त्याची गोळी बोटांनी दाबून ठरवायचे. दोन मिनिटे उशीर झाला तरी ढेप काळी पडते. शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट त्या दोन बोटांवर अवलंबून असत.

हा ऊस आला पाटामुळे. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पूर्ण झाले आणि त्या वेळच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोरड्या गावांत बारमाही पाणी खेळले. पाणी आले तशी पाणीपट्टीही आली. ती भरायला नगदी पीक हवे, म्हणून ऊस. उसाचा गूळ केला, तर 1930 नंतरच्या मंदीत गुळाचे भाव कोसळले. अनेकांनी जमिनी खंडाने दिल्या आणि स्वतःच्याच रानात मजुरी केली.

गंमत अशी, की टनभर उसातून गूळ निघतो क्विंटलभर आणि साखरही जवळपास तेवढीच. मग फरक कुठे? फरक टिकण्यात आहे. पावसाळ्यात गूळ पाझरतो, म्हणून मिळेल त्या भावाने तो अडत्याच्या हवाली करावा लागतो. साखर पोत्यात थांबू शकते. ज्याचा माल थांबू शकतो, तो भाव मागू शकतो. शिवाय 1932 साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली. तोपर्यंत देशात तीसेक कारखाने होते, ते पाच-सहा वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. आपल्याकडे हरेगावला बेलापूर कंपनी, माळीनगरला सासवडच्या माळी बागायतदारांचा कारखाना. माळीनगरचे उदाहरण महत्त्वाचे, कारण तिथे शेतकऱ्यांनीच भांडवल घातले होते. रूप मात्र कंपनीचे होते.

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील फारसे शिकलेले नव्हते, पण गावात 1923 साली त्यांनी पतपेढी काढली होती आणि एकेका रुपयाची शिस्त लोकांना लावली होती. बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, 1945 साली बागायतदारांची परिषद भरली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष होते. कारखाना ऊस पिकवणाऱ्याच्याच मालकीचा असावा, या विचाराने तिथे जोर धरला. त्यानंतर विखे पाटील गावोगाव भाग गोळा करत फिरले. वैकुंठभाई मेहता मुंबई राज्याचे अर्थमंत्री होते आणि सहकारातले जाणकारही. सरकारने भागभांडवल दिले, औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले. 1950 च्या अखेरीस प्रवरेचे पहिले गाळप सुरू झाले. गाडगीळ अध्यक्ष, विखे पाटील उपाध्यक्ष. प्राध्यापक आणि शेतकरी एका सतरंजीवर बसण्याचे असे प्रसंग आपल्या इतिहासात थोडे.

‘आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना’ असे प्रवरेला म्हणतात. आंध्रात एटिकोप्पाका येथे 1930 च्या दशकातच सहकारी प्रयत्न झाला होता, तेव्हा हा मान जरा जपून द्यावा. पण ज्याचे पाहून जिल्हेच्या जिल्हे उठले, असा कारखाना प्रवरेचाच, यात वाद नाही. पुढे साखरेबरोबर मळीतून मद्यार्क निघाला, भुश्शावर वीज झाली. शाळा, दवाखाने, रस्ते, महाविद्यालये उभी राहिली. माझी बी.ए.ची पदवीही अशाच उसाच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या महाविद्यालयाची आहे, हे मी विसरत नाही.

तरी एक हिशेब राहतो. ऊस पिकवणारा भागधारक झाला. पण ज्याच्याकडे जमीनच नाही, तो कुठला भाग घेणार? बीड, पाथर्डीकडून कोयता घेऊन येणारी जोडपी दरवर्षी पाचटाच्या खोपीत राहिली. मूल्य वाढवण्याच्या साखळीत पहिला घाव त्यांचा, पण वाढीव भावात त्यांचा वाटा कोणी लिहिला नाही. आणि गुळव्ये? कारखान्यांभोवतीची गुऱ्हाळे एकेक करून विझली. कोल्हापूरकडे ती टिकली, तिथल्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्याकडे चुलाणांचे खड्डे तेवढे उरले.

दादा उतारवयात जवळच्या एका कारखान्यात हंगामी कामाला लागले. काम भुश्शाच्या ढिगाऱ्यावर. एकदा ते पॅनपाशी जाऊन उभे राहिले. तिथला माणूस पाकाचा थेंब अंगठा आणि बोट यांच्यात ताणून तार पाहत होता. घरी आल्यावर ते अब्बांना म्हणाले, “अरे, तो माझंच काम करतोय.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग त्यांनी हात पुढे करून आम्हा पोरांना दाखवले, गोळी कशी दाबायची ते.