पाळीव प्राण्यांच्या घरात सूर्यफूल

शहरांतील घरे लहान होत गेली, तशी बाग अंगणातून गॅलरीत आली आणि कुत्र्या-मांजरांचा वावरही त्याच चार-सहा फुटांत होऊ लागला. मातीचा वास घेणे, पान चावून पाहणे, कुंडी उकरणे हा या प्राण्यांचा स्वभावच. त्यामुळे कोणते झाड लावावे, हा प्रश्न अशा घरांत केवळ शोभेचा राहत नाही. प्रसंगी तो जिवावर बेततो. या दृष्टीने सूर्यफूल हा निर्धास्त पर्याय आहे.

मुळात परदेशी

सूर्यफूल मूळचे उत्तर अमेरिकेतील. तेथील आदिवासींनी ते प्रथम पिकविले आणि सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी ते युरोपात नेले. तेलबिया म्हणून भारतात त्याची लागवड १९६९ च्या सुमारास सोव्हिएत रशियातून आलेल्या वाणांनी सुरू झाली. पुढे मराठवाडा व सोलापूरच्या शेतांतही ते रुजले.

कुत्रा, मांजर किंवा ससा यांना घातक ठरेल असे विष या झाडात नाही. मात्र बिनविषारी म्हणजे हवे तेवढे खाण्याजोगे नव्हे. जाड, तंतुमय देठ किंवा बियांची टरफले पोटात गेल्यास उलट्या होऊ शकतात, क्वचित आतडे तुंबू शकते. खारवलेल्या बियाही प्राण्यांना देऊ नयेत.

लागवड कशी करावी?

मुंबई-पुण्यात पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी पेरणे सोयीचे. झाडाला दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन हवे. कुंडीसाठी बुटके वाण निवडावेत. 'मॉर्डेन' हा जुना वाण ८० ते १०० सेंटिमीटर उंचीचा असून सुमारे ८० दिवसांत तयार होतो. बारा इंची कुंडीत दोन-तीन सेंटिमीटर खोल बी टोचावे. साधारण आठवड्याभरात अंकुर दिसतो.

कोवळे झाड दिवसभर सूर्यामागे वळते. पूर्ण उमललेले फूल मात्र पूर्वेकडे तोंड करून स्थिरावते. खोडाच्या दोन बाजूंची वाढ दिवसा व रात्री असमान होते, म्हणून हे वळणे घडते, असे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखविले. पूर्वाभिमुख फूल सकाळी लवकर तापते आणि त्याकडे मधमाश्या अधिक येतात. तेव्हा पूर्वेची गॅलरी असल्यास उत्तम.

नुकत्याच भरलेल्या कुंडीची मऊ माती मांजराला शौचासाठी सोयीची वाटते. रोपे वीतभर होईपर्यंत मातीवर नारळाच्या करवंट्या किंवा जाळीचा तुकडा ठेवावा. आधाराच्या काठीचे टोक प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येत असेल, तर त्यावर रबरी टोपण बसवावे.

खरा धोका कुठे?

धोका झाडापेक्षा त्याच्या भोवतीच्या वस्तूंत असतो. कृषी सेवा केंद्रातील लाल-गुलाबी रंगाच्या बियाण्यावर बुरशीनाशक वा कीटकनाशक चोळलेले असते. ते पक्ष्यांना किंवा प्राण्यांना कधीही खाऊ घालू नये. एरंडीच्या पेंडीतील रिसिन हे विष जहाल असते. हाडांच्या चुऱ्यात अशी पेंड मिसळलेली असल्यास त्याच्या वासाने कुत्रा हमखास कुंडी उकरतो. शेणखत किंवा गांडूळखत त्यापेक्षा बरे. गोगलगायी मारण्याच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी कुत्र्यांना झटके येतात, तर परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरांना बाधते. पानांवर मावा पडल्यास आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन पाहावे.

आवारातील गाजरगवतही फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावे. त्याच्या परागकणांतील विषाणू फुलकिड्यांमार्फत सूर्यफुलाला लागतो आणि झाड करपते. शिवाय या गवताने माणसांप्रमाणेच जनावरांनाही त्वचेचे विकार जडतात.

शेजारी कोण नको?

शोभेची अनेक परिचित झाडे मात्र घातक आहेत. कण्हेर आणि बिट्टी यांचा प्रत्येक भाग हृदयावर परिणाम करतो. पानफुटीतही हृदयाला बाधणारी द्रव्ये असतात. सायकस (सागो पाम) यकृत निकामी करू शकतो. पुष्पगुच्छांतील एशियाटिक व ओरिएंटल लिलीचे परागकण चाटले, तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होण्याची भीती असते. मनी प्लांट आणि डिफेनबेकियाच्या पानांतील सुईसारख्या स्फटिकांनी तोंडाची आग होते. शेवंती सूर्यफुलाच्याच कुळातील. पण ती खाल्ल्यास उलट्या-जुलाब होऊ शकतात. कूळ एक म्हणून निर्धास्त राहता येत नाही. सोबतीला गुलाब किंवा झिनिया लावावा.

बिया आणि पक्षी

फुलाची मागची बाजू पिवळी पडून तपकिरी होऊ लागली, की बिया तयार झाल्या असे समजावे. पोपटांपासून त्या राखायच्या असल्यास फुलाला विरळ कापडाची पिशवी बांधावी; सैल जाळीत मांजर किंवा पक्षी अडकू शकतो. बिया कडक उन्हात वाळवाव्यात. बुरशी आलेल्या बिया फेकून द्याव्यात. पिंजऱ्यातील बजरीगरला त्या आवडत असल्या, तरी त्यांत स्निग्धांश फार असल्याने मोजक्याच द्याव्यात.

विषबाधेची शंका आल्यास

प्राण्याला अतिलाळ, वारंवार उलट्या, झटके किंवा अचानक सुस्ती आल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये. मीठ-पाणी पाजून उलटी करविण्याची पद्धत धोकादायक आहे. जादा मिठानेच प्राणी दगावू शकतो. खाल्लेल्या झाडाची फांदी किंवा खताचे-औषधाचे वेष्टन बरोबर घेऊन लगेच पशुवैद्यक गाठावा. मांजराने लिली खाल्ल्याचा संशय असल्यास लक्षणांची वाटही पाहू नये, कारण ती दिसेपर्यंत उपचाराची वेळ बरेचदा टळलेली असते.