दुसरा दरवाजा : माळव्याच्या अफूचे करार

नर्मदेच्या उत्तर तीरावर धरमपुरी वसले आहे. नदीपात्रातील बेटावर बिल्वामृतेश्वराचे देवालय असल्याने यात्रेकरूंस हे स्थान परिचित आहे. हा मुलूख धारच्या पवारांचा. येथून विंध्याचा घाट चढून गेले म्हणजे माळव्याचे काळ्या मातीचे पठार लागते. या पठारावरील अफूने कंपनी सरकारास करारमदाराचा एक धडा शिकविला. त्याचे दुसरे टोक दमणच्या बंदरात असल्याने आमच्या कोंकणी वाचकांसही तो परका वाटू नये.

10 जानेवारी 1819 रोजी धार दरबाराने कंपनीशी तह केला. बदनावर, कुक्षी, नालछा इत्यादी हातचे गेलेले परगणे परत मिळाले आणि राज्य कंपनीच्या आश्रयाखाली गेले. लढायांचा काळ संपला. परंतु व्यापाराचा तंटा आता कोठे सुरू होत होता.

बंगालची अफू कंपनीच्या मक्त्यात होती. माळव्याची अफू मात्र खासगी सावकारांच्या हाती असून चीनच्या बाजारात बंगालच्या मालाशी स्पर्धा करी. म्हणून 1824 ते 1826 च्या सुमारास कंपनीने होळकरादी संस्थानिकांशी करार करून लागवड व निर्यात यांवर बंधने घातली आणि मोबदल्यात रकमा देऊ केल्या. शिंद्यांनी मात्र संमती दिली नाही.

करारावर शिक्के दरबारांचे होते. नुकसान सोसावयाचे होते शेतकरी, सावकार व बैलांचे तांडे हाकणारे यांनी. त्यांना कोणीही विचारले नव्हते. तेव्हा मालाने आपली वाट आपणच शोधली. पाली, जैसलमेरवरून तो कराचीस जाई व तेथून जलमार्गाने दमणला उतरे. दमणवर पोर्तुगीजांचे निशाण असल्याने तेथे कंपनीचा हुकूम चालत नसे. गोमंतकीय वंशाचे मुंबईकर व्यापारी रोजेरियो द फारिया हे या व्यापारातील एक अग्रणी होते.

अखेर 1829 साली कंपनीने ही बंधने सोडून दिली. 1830 पासून दर पेटीस 175 रुपये भरून परवाना घ्यावा व माल उघडपणे मुंबईस न्यावा, अशी व्यवस्था झाली. दमणकडे जाणारा माल वळविण्यासाठी 1835 साली हा दर 125 वर आणावा लागला. पुढे 1843 मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेला, कराचीची वाट बंद झाली आणि दर 200 झाला. 1845 मध्ये 300, 1847 मध्ये 400.

हे आकडे वकिलांनी तरी नीट वाचावेत. माल तोच, राजे तेच, शेतकरीही तोच. बदलले ते एवढेच की, दुर्बल पक्षास दुसरा दरवाजा उरला नाही. सवलत मिळाली ती कंपनीच्या औदार्याने नव्हे, कराची मोकळी होती म्हणून मिळाली. या सौद्याचे विष चिनी जनतेने प्राशन केले, हेही विसरणे धर्माला धरून होणार नाही. तिला तर कोणत्याच बैठकीत आसन नव्हते.

स्वतंत्र भारताने परकीय गुंतवणुकीच्या संरक्षणाचा पहिला करार 1994 साली ब्रिटनशीच केला. पुढे असे कित्येक करार झाले. आणि 2016-17 च्या सुमारास आपल्या सरकारने पन्नासाहून अधिक देशांस ते संपविण्याच्या सूचना धाडल्या. परकीय गुंतवणूकदाराने आधी आपल्या न्यायालयांत दाद मागावी, असा आग्रह 2015 च्या नव्या मसुद्यात आहे. करार मोडण्याची मोकळीक असणे हाही एक दरवाजाच होय. धार दरबारापाशी तो नव्हता. नवे करार करताना तो उघडा राहील आणि ज्यांच्या पोटाशी गाठ आहे त्यांचे म्हणणे आधी ऐकले जाईल, एवढी दक्षता आम्ही सर्वांनी मागितली पाहिजे.