फेस्ताचा जमाखर्च



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी वेदीचा, घंटेचा व थोर मिशनरींचा इतिहास पुष्कळ लिहिला जाईल. फेस्ताच्या जमाखर्चाचा सहसा कोणी लिहीत नाही. वस्तुतः लोकांची श्रद्धा त्या वहीतही लिहिलेली असते.

गोमंतकात सणाचा भार प्रथम जमिनीवर होता. गावकरीची शेते लिलावाने खंडाने दिली जात; त्या उत्पन्नातून देवळाची डागडुजी व उत्सव होत, आणि शिल्लक गावकऱ्यांस 'जोण' म्हणून वाटली जाई. ही संस्था पोर्तुगीजांपूर्वीची. १५२६ च्या सनदेने ती लेखनिविष्ट झाली, व १९६४ च्या कूळकायद्यानंतर तिचे उत्पन्न खालावले. दुसरी रीत 'प्रेजेंत' याची. एकच यजमान वाजंत्री, आतषबाजी व भोजन यांचा खर्च उचली. मान मोठा, तसा ऋण काढून मिरविण्याचा मोहही मोठा. तिसरी रीत मुंबईस धोबीतलावाकडील कुडांची. खलाशी व आचारी आपल्या अल्प वेतनातून वर्गणी देत, आणि गावच्या आश्रयदात्या संताचा सण परमुलखी साजरा करीत.

कामठीस पहिली रीत संभवनीयच नव्हती. १८२१ साली कन्हानतीरी वसलेली ही छावणी. मद्रासी पलटणी आज येथे, उद्या अन्यत्र. १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत स्थापन होईतो हा मुलूख दूरच्या विशाखापट्टणमकडे होता. जेथे सामाईक शेत नाही, तेथे हातातले नाणे हाच आधार. म्हणून हिशेबही तितकाच चोख हवा.

यरुशलेमच्या दरिद्री बंधूंसाठी जमविलेली वर्गणी नेताना संत पौलाने, कोणी बोल लावू नये म्हणून, मंडळ्यांनी निवडलेले सोबती घेतले. १९८३ ची धर्मसंहिताही हेच सांगते: विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूस लावावे (कलम १२६७) व आयव्ययाच्या वह्या नीट ठेवाव्यात (कलम १२८४).

हे मी निर्दोष म्हणून लिहीत नाही. तरुणपणी, दुसऱ्या एका गावी, गरिबांच्या जेवणासाठी आलेले पैसे मी रोषणाईस लावले. दिवे फार सुंदर दिसले. सणानंतर दोन रुपये देणाऱ्या एका वृद्धेने विचारले, "फादर, जेवण कधी?" मजपाशी उत्तर नव्हते.

तेव्हापासून प्रत्येक फेस्तानंतर मी हिशेब देवळाच्या दारावर लावतो. या ज्युबिलीचाही तेथेच लागेल. तो अवश्य वाचावा, आणि चूक आढळल्यास निःसंकोच सांगावी. ज्याने एक रुपया दिला त्याचाही तो अधिकार आहे.