तबकडीवरचे गाव

सूरश्री केसरबाई केरकरांचा आवाज अंतराळात आहे, हे आपल्या गोव्यात आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली, त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी ठेवली आणि तिच्यावर जगभरच्या संगीताबरोबर आमच्या केरीच्या बाईंची भैरवी घातली, 'जात कहाँ हो'. दर वर्षी कुठे ना कुठे ही गोष्ट छापून येते, आपण अभिमानाने वाचतो आणि पान उलटतो.

पण ती भैरवी त्या लोकांना मिळाली कुठे, हे फारसे कोणी सांगत नाही. मला तर गोष्टीतला तोच भाग जास्त आवडतो. कार्ल सेगन यांच्या समितीला रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने हे गाणे सुचवले. सुचवणे सोपे होते. रेकॉर्ड बाजारातून केव्हाच नाहीशी झाली होती. अॅन ड्रुयन या बाईंनी तिच्यासाठी न्यूयॉर्क पालथे घातले आणि अखेर एका भारतीय कुटुंबाच्या, चक्क विजेच्या उपकरणांच्या दुकानात, एका टेबलाखाली धूळ खात पडलेल्या खोक्यात ती सापडली. म्हणजे बघा, टेबलाखालचे ते खोके कोणी आदल्या आठवड्यात झाडून बाहेर टाकले असते, तर आज अंतराळात केरी नसती!

ते गाणे साडेतीन मिनिटांचे आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तेवढीच वाजते. केसरबाईंसारख्या गायिकेने तासभर मांडायचा राग त्या सव्वातीन-साडेतीन मिनिटांत कसा बसवला असेल, हा वेगळाच विषय आहे, त्यात आज शिरत नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गने कलकत्त्याला गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून हे माप चालत आलेले. त्या काळी मूळ मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जायचे आणि तबकड्या तिथे छापून परत यायच्या. तिथल्या कारागिरांना हे गाणे कोणाचे ते कळावे म्हणून गाणे संपल्यावर गायिका आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत असे. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि तो द्राविडी प्राणायाम संपला. तबकडीतली लाख मात्र आधीपासून आपलीच. लाख, दगडाची पूड, थोडी काजळी असा तो मसाला. त्यामुळे ती जड आणि ठिसूळ, हातातून पडली की कौलासारखी फुटायची. न फुटणारी, विनाइलची एलपी आपल्याकडे आली १९५९ साली.

आता गोव्याकडे येऊ. जुन्या मराठी आणि हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्यांची लेबले कधी ओळीने वाचून पाहा. केरकर, कुर्डीकर, मंगेशकर. गोव्याचा नकाशाच की! केसरबाई फोंडा महालातल्या केरीच्या, मोगूबाई सांग्याजवळच्या कुर्डीच्या, मास्टर दीनानाथ मंगेशीचे. यांतल्या कोणाचीही तबकडी गोव्यात निघाली नाही. पोर्तुगीज अमलात गोव्यात राहून गाण्यावर नाव आणि पोट दोन्ही मिळवणे कठीण होते. म्हणून ही माणसे कोल्हापूरला, मुंबईला गेली, नाटक कंपन्यांबरोबर गावोगाव हिंडली. केसरबाई आणि मोगूबाई दोघीही अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. घर सुटले, पण गाव आडनावात राहिले आणि तिथून लेबलवर छापले गेले. ज्योत्स्नाबाई भोळ्यांचे तेवढे नशीब नव्हते. बांदिवड्याच्या या दुर्गा केळेकरांच्या लेबलावर सासरचे नाव आले आणि गोव्याची खूण पुसली गेली. माहीत असणाऱ्यालाच माहीत.

छापलेल्या या गावांचा प्रवास कुठवर झाला, ते मला उज्जैनला कळले. २०१८च्या डिसेंबरात महाकालाच्या दर्शनाला गेलो होतो आणि मावसबहिणीकडे उतरलो होतो. उज्जैन ही १८१०पर्यंत शिंद्यांची राजधानी, पुढे दौलतरावांनी ती ग्वाल्हेरला नेली. पण राजधानीबरोबर सगळेच थोडे जातात? माळव्यात मराठी घरे राहिली ती राहिलीच. इंदूर, देवास, उज्जैन, सगळीकडे. नाटक कंपन्या तिकडे जात त्या या घरांच्या भरवशावर आणि त्यांच्या मागोमाग तबकड्या जात. दीनानाथांची थोरली लेक २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरला जन्मली, तो काही निव्वळ योगायोग नव्हे. कुमार गंधर्व १९४८ साली हवापालटासाठी देवासला आले आणि तिथलेच झाले.

तर उज्जैनला संध्याकाळी भावोजी म्हणाले, "चला, टावरवर जाऊन येऊ." टावर चौक म्हणजे फ्रीगंजातला घड्याळाच्या मनोऱ्याचा चौक. देऊळ, घाट, जुने शहर हे सगळे रेल्वेरुळांच्या पलीकडे आणि ही अलीकडची बाजारवस्ती. संध्याकाळी तिथे खाण्यापिण्याच्या गाड्या लागतात आणि अर्धे उज्जैन तिथे येऊन उभे राहते. भावोजींचे दोन मित्र चहाच्या गाडीपाशी थांबले होते. दोघेही निवृत्त. एकाच्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच-सहा तबकड्या. जुन्या शहरातले कोणाचेसे घर विकायला निघाले होते, तिथल्या माळ्यावरून त्याने त्या रद्दीवाल्याच्या आधी पोचून उचलल्या होत्या. हे त्यांचे नेहमीचेच. कोणाला काही सापडले की आधी टावरवर दाखवायचे, मग घरी न्यायचे.

दाखवण्याचीही रीत होती. पहिल्याने तबकडी कडेने धरून दिव्याखाली तिरपी केली. सरळ पाहिले तर केसासारखी बारीक चीर दिसत नाही, तिरप्या उजेडात दिसते. दुसऱ्याने नखाने हलकेच टिचकी मारली. अखंड तबकडी वाजते, चिरलेली 'थप्' करते. (आपण नारळ घेताना करतो तेच.) मग लेबल. कंपनी कुठली, रंग कोणता, क्रमांक काय. आणि लेबलाच्या बाहेर, खोबणी संपतात त्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला बारीक आकडा. तो मूळ मुद्रणाचा क्रमांक. एकच तबकडी पुढे नव्या लेबलाने, नव्या क्रमांकाने निघते, पण हा कोरलेला आकडा खोटे बोलत नाही, असे ते म्हणाले. चहा निवून गेला.

त्यांतल्या एका तबकडीचे लेबल अर्धे खरवडलेले होते. वाचता येत होते ते फक्त 'कुर्डीकर'. त्या गृहस्थांनी माळव्याच्या हिंदीमिश्रित मराठीत मला विचारले, "तुम्ही गोव्याचे ना? हे कुर्डी कुठं आलं हो? आम्ही नकाशात बघितलं, मिळत नाही."

मी म्हटले, मिळणार नाही. पाण्याखाली आहे.

साळावली धरण झाले आणि १९८०च्या दशकात कुर्डी गाव बुडाले. माणसे दुसरीकडे वसवली. उन्हाळ्यात पाणी ओसरते तेव्हा मे महिन्यात घरांचे चौथरे, वाटा आणि सोमेश्वराचे देऊळ वर येते. तेवढे काही दिवस गावकरी परत जमतात, देवाचा उत्सव करतात आणि पावसाबरोबर गाव पुन्हा खाली जाते. मोगूबाईंचे घर कुठे होते तेही लोक तिथे दाखवतात. मी हे सांगत होतो आणि ते गृहस्थ तबकडी हातात तशीच तिरपी धरून ऐकत होते. मग त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, इतरांपासून वेगळी.

माळव्यात हे वेड जुने आहे. इंदूरजवळच्या पिगडंबरला सुमन चौरसिया यांनी हजारो रेकॉर्डी जमवल्या आणि २००८ साली लता दीनानाथ मंगेशकर यांच्या नावाने ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय उभे केले. मंगेशीच्या घराण्याच्या आवाजाचा एवढा मोठा साठा इंदूर-महू रस्त्यावरच्या एका खेड्यात आहे, हे मी इथे मित्रांना सांगतो तेव्हा ते क्षणभर माझ्याकडे बघतच राहतात. मला त्याचे वाईट वाटत नाही, बरे का. ज्याला ओढ आहे त्याच्याकडे ते जावे. मला खटकते ते निराळे.

मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. तिचे मानद सचिव राहिलेले सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. दिवसा पदार्थविज्ञान आणि उरलेल्या वेळात चोरबाजार! या मंडळींनी सभा भरवल्या, एकमेकांना तबकड्या ऐकवल्या, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचे नियतकालिक काढले. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल किनिअर यांनी भारतातल्या सुरुवातीच्या मुद्रणांची सूची केली, ती १९९४ साली पुस्तकरूपाने आली. कोणी कधी काय गायले, हे आज वर्षानिशी सांगता येते ते अशा कामामुळे. रेकॉर्ड कंपनीचा हिशेब व्यापाराचा असतो. जे खपले ते तिने पुढे एलपीवर काढले, मग कॅसेटवर, मग सीडीवर. जे खपले नाही ते ७८च्या तबकडीवरच राहिले आणि त्या तबकडीच्या जितक्या प्रती घरांतून शिल्लक, तितकेच ते गाणे शिल्लक. दीनानाथ १९४२ साली अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांचा रंगमंचावरचा आवाज कोणी धरून ठेवला नाही. आहेत त्या तबकड्याच.

आणि आपण गोव्यातले? पाच महिने पाऊस, भिंतींना ओल, लाकडी पेटीत बुरशी. लाखेच्या तबकडीला आमच्या हवेइतका वैरी नाही. पण हवेला तरी किती दोष द्यायचा? मी गेली वीसेक वर्षे सरकारी खात्यात फायली हलवतो. एका कार्यालयात (कुठल्या ते राहू दे) निकामी वस्तूंची यादी माझ्या हाताखालून गेली होती. मोडक्या खुर्च्या, पंखे, टाइपरायटर आणि त्यांच्यामध्ये एक ओळ होती, "ग्रामोफोन रेकॉर्डी, जुन्या, एक पेटी". किती, कोणाच्या, कशाच्या, काही नाही. खुर्च्यांचे नग मोजले होते. रेकॉर्डींचे कोणी मोजले नव्हते. मी चौकशी केली तोवर लिलाव होऊन गेला होता आणि घेणाऱ्याला हवे होते ते पंखे. पेटीत काय होते ते आता कोणालाच सांगता येणार नाही. कदाचित सिनेमाची गाणीच असतील, कोणी सांगावे!

उज्जैनच्या त्या मंडळींकडे सरकारी मदत नव्हती, संस्था नव्हती, वातानुकूलित खोली तर दूरच. एक वही होती. सापडलेल्या प्रत्येक तबकडीची त्यात नोंद: लेबल, क्रमांक, कोरलेला आकडा, दोन्ही बाजूंची गाणी, आणि कुठल्या गल्लीतल्या घरातून आली ते. आमच्या कार्यालयातल्या कुठल्याही नोंदवहीपेक्षा ती चोख होती, हे कारकून म्हणून मी लिहून देतो.

वाचकहो, तुमच्या घरी, आजोळी, पोटमाळ्यावर अशा तबकड्या असतील. वाजवण्याचे यंत्र नसले तरी चालेल, घाईने कुठल्याही सुईखाली तर मुळीच घालू नका. पोलादी सुई एका बाजूला एकच वापरायची असते, पूर्वीचे लोक ते पाळत. तबकड्या एकीवर एक रचून ठेवू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, आडव्या ठेवल्या की वाकतात. लेबलावरचे आणि पट्टीवर कोरलेले सगळे आकडे एका कागदावर उतरवून घ्या. गाणारे आडनाव एखाद्या गावाचे असेल तर ते गावही लिहा. लेबल फाटलेले असेल तर उरली असतील तेवढीच अक्षरे लिहा. आणि बुरशी आली असेल तर मऊ कापडाने कोरडीच पुसा. बाटलीतले स्पिरिट लावायचा मोह अनेकांना होतो. लावू नका, लाख स्पिरिटात विरघळते.