तांबड्या थराची वंशावळ

फुलंब्रीच्या शिवारात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली काळा पाषाण. तो सुरुंगाशिवाय हलत नाही. हा पाषाण फोडत जाताना कधी कधी मध्येच विटेच्या रंगाचा पट्टा निघतो, कुठे वीतभर तर कुठे हातभर जाड. पाणी लागले की तो फुगतो, सुटतो, ढासळतो, म्हणून तेवढ्या भागात विहीर बांधून काढावी लागते. यारीने वर ओढलेल्या ढिगात हा तांबडा माल कडेला पडतो आणि पावसात वाहून जातो. माझ्या मते त्या विहिरीतून निघालेली सगळ्यात बोलकी वस्तू तीच असते.

काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो जमिनीच्या भेगांतून वर आला, पसरला, थंड झाला आणि त्यावर पुन्हा नवा लोंढा आला. आज त्याने दख्खनची सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली आहे. पण दोन लोंढ्यांच्या मध्ये खंड पडे. त्या खंडात वरचा खडक ऊन-पावसाने कुजून माती होई, त्यातले लोह गंजून तांबडे होई आणि पुढचा लोंढा त्या मातीला वरून भाजून काढी. हाच आपला पट्टा. पाषाणात लाव्हा आल्याची नोंद आहे, मधल्या काळाची नोंद मात्र या मातीत आहे.

दख्खनच्या सपाट माथ्याच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांचे सविस्तर भूवर्णन कर्नल विल्यम साइक्स यांनी 1833 मध्ये लंडनमध्ये मांडले. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात ते पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. पायऱ्या मोजता आल्या, तरी त्या किती जुन्या हे कळेना. धगधगत्या लाव्ह्यात जीवाचा माग उरणे जवळपास अशक्य. वयाचा सुगावा देणारे जीवाश्म शोधायचे तर ते दोन लोंढ्यांमधल्या खंडांतच शोधायला हवेत.

ते सापडले नागपूरला. 1845 मध्ये तिथे आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप शहराजवळच्या टाकळीच्या गाळाच्या थरांतून गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, बिया आणि फळे वेचत राहिले. दोन लोंढ्यांमधल्या शांततेत तिथे तळी साचली होती. हे थर म्हणजे आपल्या तांबड्या पट्ट्याचे भाऊबंदच. रॉबर्ट हंटर यांच्यासोबत हिस्लॉप यांनी 1855 मध्ये त्यांवर लिहिले. 1863 मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा मृत्यू झाला. दगडांच्या नादाने रानोमाळ हिंडलेल्या या माणसाचा शेवट वाचताना आजही चुटपुट लागते.

पुढे बिरबल साहनी यांनी अशाच थरांतल्या वनस्पती तपासल्या आणि 1934 मध्ये प्रश्न टाकला: हे ट्रॅप डायनोसॉरांच्या युगातले की त्यानंतरचे? वनस्पतींवरून त्यांचा कौल नंतरच्या युगाकडे होता. वाद मिटला नाही, कारण जीवाश्म आधीचे-नंतरचे सांगतात. वर्षांचा आकडा त्यांच्याकडून मिळत नाही.

नेमका आकडा द्यायला पुढे तांबडा थरही कामी आला. दुसरीकडच्या उद्रेकांची राख त्या मातीवर पडली होती आणि राखेत झिरकॉनचे अतिसूक्ष्म स्फटिक होते. झिरकॉनमधल्या युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे होत जाते. दोन्हींचे प्रमाण मोजले की वय निघते. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शॉन आणि सहकाऱ्यांनी सह्याद्रीतले तांबडे पट्टे खरवडून 2015 मध्ये निष्कर्ष मांडला: मुख्य उद्रेक डायनोसॉरांच्या अंताच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाले आणि सुमारे साडेसात लाख वर्षे चालले. 2019 मध्ये बर्कलीच्या गटाने थेट लाव्ह्यातल्या आर्गॉनवरून वेगळा हिशेब दिला: सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा त्या अंतानंतर वाहिला. अशनीच्या आघातासोबत त्या संहारात दख्खनचा वाटा किती, हा प्रश्न या दोन हिशेबांवर अडून आहे.

कोणाच्या शेतात विहिरीचे काम चालू असेल, तर बांधकाम चढण्याआधी काठावरून हा पट्टा नीट पाहा. खालची कड धूसर दिसेल, कारण तिथे खडक हळूहळू माती होत गेला. वरची कड सुरीने कापल्यासारखी असते. पुढचा लोंढा तिथे येऊन पोचला होता.