शिपायाचा कोट आणि त्याचे नाव

जबलपूर शहरातील जुन्या तळ्यांपैकी तीन नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत : राणीताल, आधारताल आणि चेरीताल. परंपरा असे सांगते की, ही तिन्ही तळी सोळाव्या शतकातील गढा-मंडल्याची राणी दुर्गावती हिच्या काळातली. राणीताल राणीचे, आधारताल तिचा प्रधान आधारसिंह कायस्थ याचे आणि चेरीताल तिच्या दासीचे. चेरी म्हणजे दासी. या दासीचे नाव रामचेरी होते, असे कोणी सांगतात; पण वस्तीच्या नावात तिचे काम तेवढे उरले आहे. राणीचे नाव इतिहासाने जपले, प्रधानाचे तळ्याने जपले. दासीचे मात्र विचारून घ्यावे लागते. लष्करी गणवेशांच्या बाबतीतही नेमके हेच घडत आले आहे.

जबलपूर हे शतकाहून अधिक काळ लष्कराचे गाव आहे. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आला. सिग्नल दळाचे शिक्षणकेंद्रही येथलेच. पेशव्यांच्या आणि नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मराठी घराणीही या शहरात नांदत आली आहेत. अशा शहरातल्या चेरीतालसारख्या जुन्या वस्तीत एखाद्या लोखंडी पेटीच्या तळाशी लष्करी कोट सापडावा, यात नवल नाही. आणि तो कोणाचा, हे घरातल्या कोणालाच सांगता येऊ नये, यातही नवल नाही. मग त्या कोटाचा मूळ धनी शोधायचा कसा?

प्रथम पाहावयाच्या त्या गुंड्या. पितळेच्या गुंडीवर मुकुट असेल, तर त्याच्या कमानी पाहाव्यात. मध्यभागी खाली झुकलेल्या कमानी व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या; घुमटासारख्या वर चढलेल्या कमानी १९०१ नंतरच्या राजांच्या. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह असतील, तर गणवेश स्वतंत्र भारताचा. मात्र गुंड्या काढून दुसऱ्या लावता येतात, म्हणून एकट्या गुंडीच्या साक्षीवर निकाल देऊ नये.

गुंड्यांनंतर खांद्यावरील अक्षरे. इथे आकड्यांना फार मोल आहे. १९०३ साली लॉर्ड किचनेरने हिंदी पलटणींना नवे क्रमांक दिले, तेव्हा मुंबई फौजेच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकात शंभर मिळविले गेले. तिसरी पलटण एकशेतिसरी झाली, पाचवी एकशेपाचवी झाली, दहावी एकशेदहावी झाली. १९२२ साली पुन्हा फेररचना होऊन यांपैकी सहा मराठा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत एकत्र आल्या. म्हणजे खांद्यावर ११० हा आकडा आणि मराठा पलटणीचे नाव असेल, तर तो गणवेश १९०३ ते १९२२ या काळातला ठरतो. एवढ्याशा पितळेने एकोणीस वर्षांची चौकट आखून दिलेली असते.

त्यानंतर बाहीवरच्या फिती पाहाव्यात. एक फीत लान्सनाईकाची, दोन नाईकाच्या, तीन हवालदाराच्या. फिती उसवून काढल्या असल्या, तरी त्यांच्याखालचे कापड उन्हापासून वाचल्यामुळे गडद राहते आणि टाक्यांची भोके दिसतात. बढती किंवा पदावनती अशी कापडावर नोंदलेली असते. छातीवरील पदकांच्या रिबिनी सैनिक कोणत्या मोहिमेत होता, ते सांगतात. आणि पदक स्वतः हाती आले तर फारच उत्तम. पहिल्या महायुद्धातील पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. दुसऱ्या महायुद्धात खुद्द ब्रिटिश सैनिकांना त्यांच्या सरकारने मोहिमांचे तारे नाव न घालता दिले. हिंदी सैनिकांच्या ताऱ्यांवर मात्र नावे कोरलेली आढळतात.

पदक नसेल, तर कोट उलटा करावा. येथेच अधिकारी आणि शिपाई यांच्यातला भेद उघडा पडतो. अधिकारी आपला गणवेश शिंप्याकडून स्वतःच्या खर्चाने शिवून घेई. आतल्या खिशात शिंप्याची चिठ्ठी असे आणि तीवर शाईने अधिकाऱ्याचे नाव व तारीख लिहिलेली असे. शिपायाचा कोट सरकारी मालकीचा. त्यावर सरकारी बाणाची खूण, मापाचा शिक्का आणि शिपायाचा क्रमांक. कधी एक क्रमांक खोडून दुसरा घातलेला असतो, कारण तोच कोट पुढे दुसऱ्याच्या अंगावर गेलेला असतो. अशा वेळी खोडलेला क्रमांक हाच मूळ धन्याचा.

परंतु क्रमांक म्हणजे नाव नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रत्येक हिंदी पलटणीची क्रमांकांची मालिका वेगळी होती. एकच आकडा अनेक पलटणींत सापडतो. म्हणून पलटण ठाऊक नसेल तर क्रमांक मुका राहतो, आणि क्रमांक ठाऊक नसेल तर पलटण माणसापर्यंत पोहोचवीत नाही. मराठा पलटणींत तर जाधव, मोरे, शिंदे, कदम, सावंत यांची इतकी दाटी की, क्रमांकावाचून एकाला दुसऱ्यापासून वेगळे करणे कठीण.

याचे एक ताजे उदाहरण फ्रान्समधले आहे. २०१६ साली रिशबूर गावाजवळ खोदकाम चालू असता पहिल्या महायुद्धातील दोन सैनिकांचे अवशेष मिळाले. खांद्यावरच्या बिल्ल्यावरील ३९ या आकड्यावरून ते ३९व्या गढवाल रायफल्सचे जवान ठरले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये लाव्हांती येथील लष्करी दफनभूमीत त्यांना सन्मानाने निरोप देण्यात आला. शंभर वर्षांनी पलटण सापडली. नावे मात्र मातीतच राहिली.

महाराष्ट्राला हे दुःख परके नाही. १९१४ नंतर मेसोपोटेमियात लढलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमाराच्या शरणागतीत त्यांचे जवान कैदेत गेले. १९२९ साली बसरा येथे स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची पलटणवार संख्या तेवढी दिली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावातून गेलेले ४६ जवान त्या महायुद्धात कामी आले, असे गाव अभिमानाने सांगते. अनेक गावांच्या वेशीवर महायुद्धाचे असे दगड उभे आहेत. त्यांवर किती पुरुष गेले आणि किती परतले नाहीत, ते लिहिलेले असते. कोण गेले, ते नसते.

खुद्द जबलपुरात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. मुंबईत नाविकांचा उठाव होऊन गेल्यावर थोड्याच दिवसांत, २७ फेब्रुवारी १९४६ रोजी, येथील सिग्नल शिक्षणकेंद्रातील जवान बराकींबाहेर पडले. अपुरा पगार, निकृष्ट अन्न, अधिकाऱ्यांची अपमानाची भाषा आणि आझाद हिंद सेनेच्या सैनिकांवरील खटले ही त्यांच्या संतापाची कारणे होती. सुमारे सतराशे जवान या उठावात सामील झाले, आणि पुढे अनेकांना सेवेतून काढण्यात आले. सिग्नल दळाच्या बिल्ल्यावर देवदूत मर्क्युरीची आकृती असे. तसा बिल्ला लावलेल्या १९४६च्या कोटावर उठावाची कोणतीही खूण मिळणार नाही. तो घालणारा त्या दिवशी बाहेर पडला की बराकीतच राहिला, याचे उत्तर त्याच्या क्रमांकावरून नाव काढले आणि नावावरून सेवापत्रक काढले, तरच मिळू शकेल.

म्हणून असा कोट हाती आला, तर तो धुऊ नये, गुंड्या घासू नयेत, उसवलेले दोरे तोडू नयेत. प्रत्येक खुणेची नोंद करावी आणि ती नोंद त्या पलटणीच्या दप्तरखान्याकडे पाठवावी; मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावी आहे. महायुद्धात मरण पावलेल्यांच्या छापील नोंदींत पुष्कळदा बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला सापडतो. इंग्रजी कारकुनांनी नावे ऐकून लिहिली असल्याने एकच आडनाव तीन तऱ्हांनी शोधून पाहावे लागते. गाव मिळाले की घर मिळते, आणि घर मिळाले की कधी एखादी म्हातारी नात आजोबांचे पूर्ण नाव सांगते. ते नाव कागदावर लिहून कोटाच्या आतल्या खिशात ठेवावे. अधिकाऱ्याच्या खिशात ते पहिल्या दिवसापासून होते.